तिसऱ्या मजल्याची टोपली

तुतीची गल्ली, शुब्रा, कैरो
५ ऑक्टोबर १९७९

रातिबा,

तुला सलाम. तुझ्या आठव्या मजल्यालाही सलाम. एवढं चढून सलाम थकला असेल, तर आधी त्याला पाणी दे.

एकाच शहरात राहणाऱ्या मावसभावंडांनी एकमेकांना टपालानं पत्रं लिहावीत हा प्रकार मला प्रथम हास्यास्पद वाटला होता. मग मी तुझ्या टेलिफोनच्या अर्जाची चौकशी करायला गेलो. तिथला कारकून मोठा सज्जन. म्हणाला, "उस्ताद, फोन मिळेल, इन्शाअल्ला. बाईंना नातवंडं आहेत ना?" मी म्हटलं, अजून नाहीत. "मग ती होतील, बोलू लागतील, तोवर मिळेल." तेव्हा लिहिणंच श्रेयस्कर. तुझ्याकडे यायचं तर तीन बस बदलाव्या लागतात, आणि त्यातली तिसरी अस्तित्वात आहे की ती केवळ लोकश्रद्धा आहे, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत.

इकडचं वर्तमान. तुझ्या जुन्या घराची भेग रुंदावते आहे. मालक हाजी मितवल्ली दर शुक्रवारी नमाजाहून परतताना तिच्यात बोट घालतात आणि बोट कुठवर गेलं ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात, जणू मुलगा परीक्षेत पहिला आलाय. पाडायचा हुकूम निघाला आहे. सगळे भाडेकरू गेले. नगरपालिकेच्या माणसानं तुझ्या दाराला कुलूप घालून त्यावर लाखेची मोहर उठवली. समोरच्या खिडकीत बसून मुलांच्या व्याकरणाच्या वह्या तपासताना मला तुझी रिकामी बाल्कनी दिसते, आणि चुका काढण्यातली माझी मौज कमी होते.

आता मुद्दा. हाझिमनं कुवेतहून मला लिहिलंय, 'मामा, आईचं तिथं मन लागतंय का ते कळवा, मला ती खरं सांगणार नाही.' मलाही सांगणार नाहीस, पण तुझं खोटं मला वाचता येतं. तेव्हा निःसंकोच खोटं लिही.

आणि एक किरकोळ शंका. तुझी वेताची हिरवी टोपली, निळ्या चिंधीनं मूठ बांधलेली, तू सोबत नेलीस ना? काल सकाळी तशीच एक टोपली तुझ्या बाल्कनीतून दोरीनं खाली उतरताना मला दिसली. बहुधा चष्मा बदलायला झालाय.

तुझा,
फिक्री


मदीनत नस्र, आठवा विभाग
१६ ऑक्टोबर

उस्ताद फिक्री,

तुझं पत्र पोचायला इतके दिवस लागले की मला वाटलं ते चालतच आलं.

मन लागतंय. छान लागतंय. हे खोटं तुला वाचता आलं का? बघ, मेहनत नको म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलंय.

घर मोठं आहे. भिंती इतक्या सरळ की टेकायला भीती वाटते. खाली रस्ता म्हणून वाळू आहे, वाळूत एक सिमेंट कालवायचं यंत्र आहे आणि त्याच्यापलीकडे पुन्हा वाळू. बाल्कन्या सगळ्यांना आहेत, पण बाल्कनीत कुणी उभं राहत नाही. शेजारच्या दाराला लोखंडी जाळी. मी रव्याची गोड बश्बूसा करून नेली, तर जाळीतून एक हात आला, बशी घेतली, "शुक्रन" म्हणाला आणि गेला. बशी परत आली ती धुऊन, रिकामी! रिकामी बशी परत करतात का रे कुणी? आपल्या गल्लीत असं केलं असतं तर तीन दिवस त्या बाईची चर्चा चालली असती.

दरवान रोज विचारतो, "कोणाकडे आलात, हाग्गा?"
मी सांगते, "माझ्याकडेच."
"आठव्यावर कुणी राहत नाही."
"मग मी कोण?"
तो विचारात पडतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

शुब्रात सगळे मला हाझिमची आई म्हणून हाका मारायचे, दिवसातून पन्नास वेळा. मी चिडायचे. इथं आल्यापासून मला एकदाही कुणी हाक मारलेली नाही. म्हणून स्वयंपाकघरात मीच एकदा मोठ्यानं म्हणते, "उम्म हाझिम!" आणि ओ देते. हसू नकोस.

टोपली मीच आणली. ती कुणाला देऊ? आणि आता ऐक. बारा दिवसांपूर्वी सकाळी उठले, सवयीनं कागदात सुटे पैसे गुंडाळले, टोपलीत टाकले आणि बाल्कनीतून सोडली. दोरी तिसऱ्या मजल्याच्या मापाची. इथं ती पाचव्या मजल्यापर्यंतच पोचून हवेत लोंबकळत राहिली. माझी मलाच लाज वाटली. ओढून घेणार तोच खालून दोनदा हिसका बसला. आपला बाकलेवाला अम्म साबिर टोपली भरून झाली की देतो तस्सा. वर घेतली तर जड. गरम रोट्या, डब्यात शिजवलेले बाकल्याचे दाणे, वर जिरं आणि हिरवा कांदा.

तू असतास तर आधी विचारलं असतंस, हे आलं कुठून. मला भूक लागली होती. मी जेवले.

हाझिमला कळव, आई मजेत आहे.

रातिबा


शुब्रा
२७ ऑक्टोबर

रातिबा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि सरळ अम्म साबिरच्या बाकल्याच्या गाडीकडे गेलो. आमचा संवाद जसाच्या तसा देतो.

"अम्म साबिर, समोरच्या बंद घरातून टोपली येते का?"
"येते की. हाझिमच्या आईची. रोज सकाळी."
"ती बाई इथून गेली. महिना झाला."
"असेल. टोपली येते, मी भरतो."
"कोण सोडतं ते पाहिलंस?"
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या मुलीचा हात धरलाय. "उस्ताद, वर कशाला बघायचं? वर बायका असतात. तीस वर्षं या गल्लीत धंदा करतोय, मान वर केली नाही. टोपली बघायची, चिल्लर बघायची, दोनदा ओढायचं."

मला तिथंच हसू आलं आणि तिथंच अंगावर काटा आला. संपूर्ण गल्ली सभ्य आहे गं. कुणीच मान वर करत नाही. एखाद्या बाल्कनीतून प्रत्यक्ष मौतीच्या फरिश्त्यानं टोपली सोडली, तरी त्याला रोट्या मिळतील, वर लिंबू फुकट.

नंतर हाजी मितवल्लींना गाठलं. ते मला वर घेऊन गेले. तुझ्या दाराचं कुलूप शाबूत, लाखेची मोहर शाबूत, जिन्याच्या तुटक्या पायरीवर धूळ, धुळीत फक्त आमचीच पावलं. माझ्या विषयात एक प्रकारचं क्रियापद असतं. त्याचा कर्ता अज्ञात म्हणून सोडून देतात. 'टोपली सोडली जाते.' वर्गात असं वाक्य मी बिनदिक्कत शिकवतो. जिन्यात उभं राहून ते बोलवत नव्हतं.

मग घरी येऊन शांतपणे विचार केला, आणि उलगडा झाला. बाईसाहेब, तुम्ही पकडल्या गेलात. तुला तिकडे करमत नाही. तू सकाळी बसनं इकडे येतेस, शेजारच्या गच्चीवरून उडी मारून आपल्या घरात शिरतेस, दिवसभर बसतेस आणि संध्याकाळी परततेस. पन्नाशीतल्या बाईनं गच्च्यांवरून उड्या मारणं मला तत्त्वतः आक्षेपार्ह वाटत नाही, फक्त ही गच्ची पडायला आली आहे. रातिबा, थट्टा पुरे. ते घर कोसळणार आहे. त्यात तू असायला नकोस. मला बाकीचं काही नको, एवढंच वचन दे.

फिक्री


मदीनत नस्र
७ नोव्हेंबर

फिक्री,

गच्चीवरून उड्या! गुडघे धरून मी बाथरूमपर्यंत जाते ते तुला माहीत नाही वाटतं. लग्न न करता राहिलं की माणसाला बायकांबद्दल काहीही वाटू लागतं.

मी या घराबाहेर पडलेली नाही. पडू तरी कशाला? टोपली येते. कालच्या तुर्शीच्या लोणच्यात सलगम जास्त होता, साबिरला सांग.

विश्वास नसेल तर एक कर. टोपलीत असं काहीतरी घाल जे मला अपेक्षित नाही. आणि टपालानं कळवू नकोस काय घातलंस. मी इथून सांगते.

र.


तुझ्या बाल्कनीखालून
१८ नोव्हेंबर, सकाळ

रातिबा,

हे पत्र मी अम्म साबिरच्या गाडीवर, बाकल्याच्या पातेल्याशेजारी कागद ठेवून लिहितो आहे, म्हणून अक्षरावर वाफ आली आहे. टोपली आत्ता खाली आली. मी मान वर करून पाहिलं. (साबिरनं तोंड फिरवलं.) दोरी तुझ्या कठड्यावरून येते आणि आत अंधारात जाते. कुणी दिसत नाही.

रोट्यांखाली हा कागद ठेवतो. तिकीट लावलेलं नाही. सोबत माझा जुना चष्मा.

फि.


मदीनत नस्र
१८ नोव्हेंबर, सकाळच

फिक्री,

चष्मा पोचला. डावी काच तडकलेली आहे, तीच ना, जी तू तीन वर्षं बदलायची म्हणत होतास? रोट्या अजून गरम आहेत आणि तुझ्या कागदाला बाकल्याचा वास आहे. टपालखात्याला सांग, गाशा गुंडाळा.

घाबरलास का? मी नाही घाबरले. आज सात आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला 'रातिबा' म्हणून लिहिलेलं मी त्याच दिवशी वाचलं. हातात धरून रडले थोडी. मग नाक पुसून द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळायला बसले. सोबत पाठवते आहे. साबिरला चार दे, हाजीला दोन, बाकीच्या तू खा. बशी रिकामी पाठवू नका.

एक सांगू? बाहेर बघितलं तर वाळूच आहे. पण खिडकी लावून बसले की ऐकू येतं. खालच्या इस्त्रीवाल्याची तोंडातून पाण्याची फुर्रर्र. ट्रामची घंटा. तू खिडकीत बसून मुलांच्या चुका वाचून स्वतःशी हसतोस ते. कालपासून तर भिंतींना टेकायलाही भीती वाटत नाही.

तुझी,
रातिबा


शुब्रा
२ डिसेंबर, दुपार

रातिबा,

पानं गल्लीनं संपवली. हाजी मितवल्लींनी तुझ्या हातची चव ओळखली आणि "अल्ला तिचं भलं करो, कधी आली होती?" असं विचारलं. मी सांगितलं, येऊन-जाऊन असते.

मजूर आले आहेत. पाचवा मजला त्यांनी गच्चीसकट उतरवला, आता चौथ्याच्या भिंती उतरवताहेत. मग तिसरा. मुकादम म्हणतो, "उस्ताद, काळजी नको, हळूहळू, सोलून काढल्यासारखं उतरवतो." मला काळजी दुसरीच आहे. तिसरा मजला गेला की ती दोरी कशाला बांधलेली असेल?

म्हणून काल, शाळेला सुट्टी होती, मी तुझ्याकडे आलो. होय. तिसरी बस अस्तित्वात आहे. मी तिच्यात उभा होतो. तुझी इमारत सापडली. दरवान बाकावर पाय पसरून शेंगा सोलत होता.

"कोणाकडे?"
"आठव्या मजल्यावर. सय्यिदा रातिबांकडे."
"आठव्यावर कुणी राहत नाही."
"त्या नेहमी तुझ्याशी बोलतात."
"माझ्याशी?" त्यानं जरा आठवून पाहिलं. "एक बाई आली होती सुरुवातीला. हातात टोपली. मला म्हणाली, इथं रोटीवाला कुठल्या बाजूनं येतो? मी म्हटलं, बाई, इथं रोटीवाला येत नाही, गाडी घेऊन दुकानात जावं लागतं. ती वर गेली. परत उतरताना पाहिली नाही. जिन्यानं गेली असेल."

मी वर गेलो. दारावर हाझिमच्या नावाची पितळी पाटी, आणि पाटीवर कारखान्याचा कागद अजून तसाच चिकटलेला. मी टकटक केली. हाका मारल्या. शेजारची जाळी किंचित उघडली आणि लगेच मिटली. दाराला कान लावला. आत वाऱ्याशिवाय काही नव्हतं. पुष्कळ वेळ उभा राहिलो, मग परतलो.

घरी येऊन खिडकीत बसलो, तर समोर तुझी टोपली लोंबत होती.

रातिबा, मी आयुष्यभर वाक्यात कोण कुठं आहे ते मुलांना शोधायला लावलं. आता तुला विचारतो. तू कुठं आहेस?

फिक्री


२ डिसेंबर, दुपार

फिक्री,

काल मी दिवसभर घरी होते. कुणी टकटक केली नाही.

तू येणार असं मला कसं कोण जाणे वाटत होतं. पुदिना घालून चहा केला, दोन पेले मांडले. वाट पाहून तुझाही मीच प्यायले. आणि आज तुझं हे पत्र.

वाचून मी उठले. म्हटलं, बघू तरी, दरवान कुठं असतो. दार उघडलं. इथं आल्यापासून किती दिवसांनी उघडलं, आठवत नाही.

फिक्री, बाहेर लिफ्ट नव्हती.

बाहेर आपला जिना होता. तुटकी पायरी, तिच्या कोपऱ्यात हाझिमनं लहानपणी खिळ्यानं कोरलेलं जहाज. वरून ठोकण्याचा आवाज येत होता आणि माझ्या डोक्यावर चुना पडत होता. हात लावून बघितला. आत्ता लिहिताना माझ्या बोटांना लागलाय, कागदावर बघ, खालच्या कडेला.

मी दार लावून घेतलं. आत सगळं हाझिमनं घेतलेलं, सरळ भिंती, नवा सोफा, त्यावर प्लास्टिक. बाहेर तिसरा मजला.

मी कुठं आहे ते आता मला कळलं वाटतं. तुला विचारायची गरज नव्हती.

र.


शुब्रा
३ डिसेंबर, पहाट सरताना

रातिबा,

कागदावरचा चुना पाहिला. मुकादमाच्या बुटांवर आहे तोच आहे.

आता एक अक्षर इकडचं तिकडचं नको. काल संध्याकाळी चौथा मजला उतरला. आज ते तिसऱ्याला हात घालणार. तुझ्या दाराबाहेर जिना आहे ना? मग उतर. तुटक्या पायरीवर जप आणि उतर. मी खाली दारातच उभा आहे. मोहर मी फोडतो, दंड मी भरतो, हाजींशी मी भांडतो. नुसती खाली ये. माझ्या घरी राहा. मी व्याकरण बोलणार नाही. वाटलं तर जेवतानाही बोलणार नाही.

हा कागद टोपलीत ठेवतो. वाचताक्षणी दार उघड.

फिक्री


३ डिसेंबर, सकाळ

फिक्री,

तू खाली उभा आहेस ते मला कठड्यावरून दिसतंय. डोक्याला टक्कल पडायला लागलंय, वरूनच कळतं.

दार उघडून दोनदा उभी राहिले. पहिली पायरी उतरलेही. मग विचार केला, खाली कुठं निघणार मी? तुझ्याकडे निघाले, तर चार दिवस तू गप्प जेवशील. पाचव्या दिवशी हाझिमचं पत्र येईल, मामा, आई तुमच्याकडे किती दिवस राहणार, एवढं घर घेतलंय तिच्यासाठी. मग टॅक्सी येईल. तूच माझी पेटी उचलून ठेवशील, कारण हाझिम बरोबरच सांगत असेल. आणि पुन्हा तो दरवान. कोणाकडे आलात? फिक्री, एकदा मी त्याला म्हणाले होते ना, मग मी कोण? त्याला उत्तर आलं नव्हतं. हळूहळू मलाही येईनासं झालं होतं.

इथं कुणीतरी रोज दोनदा दोरी ओढतं. मला तेवढं पुरतं.

टोपलीत किल्ली आहे. आठव्या मजल्याची. मला नको. हाझिमला सांग, भिंती फार सरळ होत्या.

रागावू नकोस. मी उतरत नाही.

रातिबा


मदीनत नस्र, आठवा विभाग
२२ नोव्हेंबर १९८०

रातिबा,

जवळपास वर्ष झालं. हे पत्र कुठल्या पत्त्यावर लिहायचं ते ठाऊक नसल्यामुळे मी पत्ता घातलेला नाही. टपालखात्याला यापूर्वीच गाशा गुंडाळायला सांगितलेलं आहे.

त्या सकाळी काय झालं ते तुला माहीत असेल किंवा नसेल. किल्ली हातात घेऊन मी गल्लीच्या मधोमध उभा राहिलो आणि ओरडलो, "रातिबा! ए रातिबा!" हाझिमची आई नव्हे, हाग्गा नव्हे. भर रस्त्यात एका बाईचं नाव. इस्त्रीवाल्याच्या तोंडातलं पाणी तोंडातच राहिलं. साबिरच्या हातातला डाव पातेल्यात पडला. हाजी मितवल्ली म्हणाले, "उस्ताद, लाज!" आणि मग सगळ्यांनी, त्या सभ्य गल्लीनं, पहिल्यांदाच माना वर केल्या.

बाल्कनीत कुणी नव्हतं. पडदा आत ओढला गेला, एवढंच. वारा असेल, मुकादम म्हणाला. वारा नव्हता.

मी मोहर फोडली आणि वर गेलो. खोल्या रिकाम्या होत्या. सोफा नव्हता, प्लास्टिक नव्हतं. जमिनीवर एकसंध धूळ. पण स्वयंपाकघरात किटली ऊन होती, आणि ओट्यावर ताज्या चहाचे दोन पेले, तळाशी पुदिन्याची पानं. एक माझा असावा. मी तो प्यायलो नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दोरी सोडवून टोपली मी घेऊन आलो. दुपारपर्यंत तिसरा मजला उतरला.

हाझिम येऊन गेला. पोलिसांत कळवलं, इस्पितळं पाहिली. माणूस मोठा चांगला आहे तुझा मुलगा, आणि अजून तुला शोधतो आहे. तुझी पत्रं मी त्याला दाखवली. वाचून त्यानं विचारलं, "मामा, ही तुम्ही लिहिलीत का?"

मग गल्लीच गेली. ट्रामच्या रस्त्यावर पूल व्हायचा, म्हणून आमची बाजूही उतरवली. साबिरला गाडी उभी करायला जागा उरली नाही. उन्हाळ्यात तो वारला. मी खांदा दिला. हाजी मुलाकडे हेलवानला गेले, तिथं भेगा नाहीत म्हणून कंटाळतात. आणि हाझिम म्हणाला, "मामा, ते घर रिकामंच आहे." तेव्हा मी आता तुझ्या आठव्या मजल्यावर राहतो.

भिंती खरोखर फार सरळ आहेत.

दरवान तोच आहे. पहिले काही आठवडे रोज विचारायचा, कोणाकडे? मी तुझं उत्तर द्यायचो, माझ्याकडेच. त्याला हसू यायचं नाही. हल्ली विचारतही नाही. परवा लिफ्टची वाट पाहत उभा होतो, तर तो नव्या बिऱ्हाडाला माहिती देत होता. "सातव्यावर डॉक्टर आहेत, नवव्यावर वकील. आठव्यावर कुणी राहत नाही." मी त्यांच्यापासून हाताभर अंतरावर उभा होतो, रातिबा. तेवढ्यात आलेल्या वकिलांनी माझ्याआरपार हात घालून बटण दाबलं.

वर आलो. स्वयंपाकघरात गेलो आणि मोठ्यानं म्हणालो, "उस्ताद फिक्री!" ओ द्यायला मला जरा वेळ लागला.

तेव्हापासून मी खाली उतरलेलो नाही. आज सकाळी कागदात सुटे पैसे गुंडाळले. हिरव्या टोपलीची मूठ पुन्हा निळ्या चिंधीनं बांधली. दोरी अजून तिसऱ्या मजल्याच्याच मापाची आहे. खाली बघू नये हा गल्लीचा नियम आहे की वर बघू नये, याबद्दल माझा गोंधळ झालाय, म्हणून डोळे मिटून सोडतो आहे.

फिक्री


तुतीची गल्ली, तिसरा मजला

फिक्री,

रोट्या गरम आहेत तोवर खा. बाकल्यात जिरं जरा जास्त पडलंय. अम्म साबिर तुला सलाम सांगतो. म्हणतो, उस्तादनं एकदा मान वर करायला लावली तेव्हापासून सवयच लागली. आता तो वर बघतो.

किटली ठेवलीय. तुझा पेला मागच्या वेळचा तसाच आहे, धुवायचा राहिलाय.

दार उघड. लिफ्ट नसेल. घाबरू नकोस. तुटक्या पायरीवर तेवढं जप, वर्षभरात ती आणखी ढिली झालीय.

रातिबा